कळंब्याच्या वाटेवरचं अंटार्क्टिका

बारदानात गुंडाळलेली बर्फाची लादी बाईंच्या टेबलावर ठेवलेली होती आणि तिच्यातून धूर निघत होता. बर्फातून धूर निघतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहताक्षणी माझ्या मनात आलं, ह्यात काहीतरी गोम आहे. मृगाची चार टिपकी पडून पाऊस कुठेतरी गडप झालेला, पत्र्याखाली तिसरीचा वर्ग घामाने चिकट झालेला, खिडकीतून शेजारच्या गिरणीतल्या तापलेल्या पिठाचा वास येत असलेला... आणि त्या सगळ्यात हा लाकडी भुशाचा ओला, गोडसर गंध, आणि टेबलाच्या कडेवरून फरशीवर टपटपणारं पाणी. चौगुले बाईंनी बारदानाची कड बाजूला केली, भुसा हाताने झाडला, आणि आतला निळसर, मधोमध दुधाळ पट्टा असलेला बर्फ उघडा पडला. "एकेकानं यायचं, तळहात ठेवायचा आणि मी म्हणेपर्यंत काढायचा नाही," बाई म्हणाल्या. "आता डोळे मिटा. पायाखाली हाच बर्फ, समोर हाच, मागं हाच. आपला अख्खा पन्हाळा बुरुजांसकट बुडून जाईल एवढा जाड. तिथं झाड नाही, गवत नाही, मूठभर माती मिळायची मारामार. त्या खंडाचं नाव अंटार्क्टिका."

माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. बाई म्हणतात म्हणून डोळे मिटायचे आणि तेवढ्यात त्यांनी काही केलं तर? हात बधिर झाला, मग दुखू लागला, मग जणू माझा उरलाच नाही, आणि जागेवर परतताना मी तो गुपचूप हुंगून पाहिला. गोळ्याच्या गाडीवरचा बर्फ मासळी बाजारातून येतो असं आई सांगायची. वास आला नाही. पण वास आला नाही म्हणजे मासळी नव्हतीच असं कशावरून, असा विचार करत मी बाकावर बसले.

हा संशय मला बाळकडूतूनच मिळाला होता. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, गल्लीच्या टोकाच्या दूध संस्थेत दूध घ्यायला बसायचे. पहाटे आणि संध्याकाळी, कासंड्या आणि किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी असायची. शेणाचा, ओल्या वैरणीचा, कोमट दुधाचा वास त्या खोलीच्या भिंतींत मुरलेला असायचा. आण्णा प्रत्येकाच्या दुधात लॅक्टोमीटरची काच सोडायचे. काच वर तरंगली की माणूस खरा, खाली बुडाली की दुधात पाणी. मग समोरचा गळ्याची शपथ घ्यायचा, जोतिबाची घ्यायचा, म्हशीची सुद्धा घ्यायचा — आणि आण्णा मान वर न करता एकच शब्द बोलायचे, "कशावरनं?" तो शब्द ते संस्थेत ठेवून येत नसत. पाहुणा म्हणाला, जेवून आलोय, तर आण्णा म्हणणार, "कशावरनं?" आईने सांगितलं, डोकं दुखतंय, तरी तेच. आमच्या घरात देवावरही विश्वास होता, पण उधारीवर दिलेला. नवसाला पावल्याशिवाय कुणी देवाचं फारसं कौतुक करत नसे. अशा घरात वाढलेल्या मुलीला बाई सांगत होत्या की पृथ्वीच्या बुडाशी एक बर्फाचा देश आहे.

बुडाशी हा शब्द बाईंचाच. शाळेत पृथ्वीचा गोल होता, पण त्याचा खालचा भाग कुणीतरी पूर्वीच फोडलेला, म्हणजे नेमकं अंटार्क्टिकाच गायब. म्हणून बाईंनी पिण्याच्या पाण्याची कळशी रिकामी करून टेबलावर पालथी घातली. "ही पृथ्वी," त्या म्हणाल्या, "आणि हे बूड म्हणजे दक्षिण ध्रुव. आपण इथं," असं म्हणून त्यांनी कळशीच्या पोटावर खडूची रेघ ओढली. कळशीच्या बुडाला पोचे होते आणि घासून उरलेल्या चिंचेचा आंबूस वास होता. जेठ-आषाढात तिथल्या आपल्या देशाच्या तळावर दोन महिने सूर्य उगवतच नाही, बाई सांगत होत्या, आणि मार्गशीर्ष-पौषात मावळत नाही. मग मी हात वर केला. माझी आई संकष्टी करायची, चंद्र दिसल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायची नाही, आणि ढग असले की आम्ही सगळे आळीपाळीने माळ्यावर जाऊन आभाळ तपासायचो. मी विचारलं, "बाई, मग तिथं संकष्टी कवा सोडत्यात?"

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. पालथ्या कळशीकडे बघत त्या म्हणाल्या, "ते घड्याळ बघून सोडतात. माझे मिस्टर तिथंच आहेत. त्यांनीच सांगितलं."

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली, हे मी नीट पाहिलं. माझं लक्ष अशाच गोष्टींकडे असायचं.

चौगुले बाई त्याच जूनमध्ये आमच्या शाळेत आल्या होत्या. उंच, काटक, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या, केसांना शिकेकाईचा वास. शब्द स्वच्छ, पुस्तकातल्यासारखे. गावाच्या कडेला भाड्याच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, आणि नवरा मात्र कुणाच्या दृष्टीस पडलेला नाही... आमच्या गल्लीला एवढं पुरेसं होतं. त्यात मी संध्याकाळी घरी येऊन बातमी दिली. आण्णांनी अपेक्षेप्रमाणे "कशावरनं?" विचारलं. पण दारात चूळ भरत उभ्या असलेल्या हौसाक्कांनी तोंडातलं पाणी फुर्रकन टाकलं. हौसाक्का आमच्या शेजारीण. थोराड बांधा, घोगरा आवाज, आणि साऱ्या गल्लीच्या खबरी त्यांच्या उंबऱ्यावरून जा-ये करायच्या.

"काय काम करतोय म्हणं त्यो तितं?"

"जनरेटर चालवत्यात," मी म्हणाले. हे मी मधल्या सुट्टीत बाईंना विचारून घेतलं होतं. ते उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करायचे, आणि तिथं इंजिन बंद पडलं तर सगळी माणसं गारठून मरतील, म्हणून मिस्त्री लागतोच, असं बाईंनी सांगितलं होतं.

"बया! उद्यमनगरातला मिस्त्री बरफात? तितं शास्त्रज्ञ जात्यात, शास्त्रज्ञ! आगं, कळंब्यात असंल त्यो. कळंब्याच्या आत."

कळंबा आमच्यापासून बसने थोड्या वेळाच्या अंतरावर. तिथे तलाव आहे, आणि तुरुंग आहे. तलावावर जाणारा माणूस 'तळ्यावर गेलतो' म्हणायचा. 'कळंब्याच्या आत' म्हटलं की ते तळं नसायचं. हौसाक्कांकडे पुरावाही होता. रविवारी दुपारी बाई कळंब्याच्या बसला बसताना त्यांनी दोनदा पाहिलं होतं, हातात डब्याच्या पिशवीसह. डबा कुणाला नेतात माणसं? तलावाला?

तो पाऊसकाळ मी बाईंवर पाळत ठेवून काढला. खरं सांगते, मला त्या फार आवडायच्या. आणि म्हणूनच मला त्यांची काच बुडताना बघायची नव्हती. वर्गात त्या सांगायच्या, तिथले पक्षी उभ्याने चालतात आणि नर पायांवर अंडं घेऊन थंडीत उपाशी उभा राहतो. मला ते पटायचं नाही, कारण आमच्या गल्लीतला एकही पुरुष पोरगं घेऊन एवढा वेळ उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. त्या सांगायच्या, तिथे थुंकी जमिनीवर पडण्याआधी गोठते. आम्ही सगळी पोरं बाहेर जाऊन थुंकून बघायचो आणि ती आपली पावसाच्या पाण्यात मिसळून वाहून जायची. माझ्या आत दोन माणसं भांडत होती, एक आण्णांची मुलगी आणि एक बाईंची. रात्री अंथरुणात पडल्यावर ओल्या गोधडीच्या वासात मी बर्फावर ठेवलेला तो हात आठवायचे आणि ठरवायचे — खरं आहे. सकाळी संस्थेतली रांग पाहिली की पुन्हा शंका.

आषाढ सरत आला होता. आमच्याकडेही कितीतरी दिवस सूर्य दिसला नव्हता. कपडे चुलीवर वाळत, भिंतींना हिरवट बुरशी, आणि सगळ्या घराला धुराचा व ओलीचा मिळून एक कुबट वास. एका रविवारी हौसाक्का आईला म्हणाल्या, "चल गं, भणीकडं कळंब्याला जाऊन यिऊ." बहिणीचं निमित्त होतं. आईलाही ते ठाऊक होतं, तरी ती लुगड्याचा पदर सारखा करून निघाली, आणि मी हट्टाने मागे लागले. बसमध्ये पुढच्या बाकावर चौगुले बाई बसल्या होत्या. हौसाक्कांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला; त्यामुळे बसमधली सगळी माणसं त्यांच्याकडेच बघू लागली, फक्त आमच्या बाई सोडून.

तुरुंगाच्या थांब्यावर बाई उतरल्या. हौसाक्कांनी माझ्या आईला कोपराने असं ढोसलं की ती कळवळली. आम्ही छत्र्या खाली धरून लांबून मागे निघालो. ती उंच, काळीशार, पावसाने निथळणारी भिंत... बाई तिच्या कडेने चालत राहिल्या, दरवाजा आला, आणि त्या थांबल्या नाहीत. सरळ पुढे गेल्या. मला इतका आनंद झाला की मी चिखलात पाय आपटला. भिंत संपल्यावर तलावाच्या अंगाला एक लहानसं कौलारू घर होतं. अंगणात नारळ, आणि त्या नारळापासून छपरावरच्या लोखंडी खांबापर्यंत ताणलेली एक लांब तार. बाई आत गेल्या. आम्ही कुंपणाच्या मेंदीआड उभे राहिलो. मेंदी नुकतीच कापलेली होती, तिचा कडवट हिरवा वास अजून माझ्या नाकात आहे.

खिडकी उघडी होती. आत एक पांढऱ्या केसांचे आजोबा एका पेटीसमोर बसले होते, आणि पेटीतून खरखर येत होती, शिट्ट्या येत होत्या, जणू पिठाच्या गिरणीत कुणी कुकर लावला होता. मग खरखरीतून एक पुरुषी आवाज वर आला. बुडाला, पुन्हा वर आला. "जेवलीस काय? ओव्हर."

"जेवलो," आमच्या बाई म्हणाल्या. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या आमच्या बाई! "तुमी जेवलासा काय? ओव्हर."

"जेवलो. आज सूर्य आला बघ." खरखर. "दोन महिन्यांनी. जरासाच आला आणि गेला. सगळे भायेर जाऊन उभारलो हुतो. माझी सावली पडली, तीच बघत बसलो... ओव्हर."

बाईंनी पदर तोंडाला लावला. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच बटण दाबून म्हणाले, "ऐकू आलं. त्या रडताहेत. ओव्हर."

मी आईचा हात घट्ट धरला होता. माझ्या अंगावर काटा आला होता आणि मला वाटलं, आता संपलं सगळं, आता खात्री झाली. आता हौसाक्कांचं तोंड बंद होणार. मी वर पाहिलं. हौसाक्कांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्या पदराने डोळे टिपत हलक्या आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हलक्या आवाजात, म्हणाल्या, "आगं बाई गं... दोन म्हैनं अंधारकोठडीत घातलाता की गं त्याला!"

आई म्हणाली, "व्हय की." आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

तुरुंगाची भिंत तिथून हाकेच्या अंतरावर होती. आवाज तिथूनच आला, ह्यात त्या दोघींना तिळमात्र शंका नव्हती. दोन महिने ऊन नाही, मग जरा वेळ बाहेर काढला, सगळे ओळीने उभे केले, परत आत घेतला. सगळं कसं चपखल बसत होतं. बाईंना भेटू देत नसतील म्हणून आजोबांच्या पेटीवरून बोलायचं, एवढी सोय त्यांनी आपल्याच मनाने तुरुंगाला बहाल केली. मी बसमध्ये रडून सांगत राहिले, त्ये अंटार्क्टिका हाय, बाईंनी शिकवलंय, आषाढात तितं सूर्य नसतो. हौसाक्कांनी मला चिक्की दिली आणि म्हणाल्या, "गप पोरी. तुजी बाई चांगलीच हाय. पर गुन्हा काय केला असंल गं त्यानं, अंधारात घालण्यागत?"

तो गुन्हा काय असेल ह्यावर गल्लीने पुढचा श्रावण घालवला. शेवटी पालकसभा बसली. हौसाक्का पहिल्या रांगेत, जरीचं लुगडं नेसून. वर्गातच सभा होती, आमच्याच बाकांवर थोर माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, आणि आम्ही पोरं खिडकीशी दाटीवाटीने उभी. कुणीतरी उठून म्हणालं की ज्यांच्या घरात असलं प्रकरण आहे त्यांच्या हाताखाली आमची पोरं नकोत, नायतर दाखला काढून नेतो. मुख्याध्यापक सर घाम पुसत होते. त्यांनी बाईंना अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, एकदा सांगून टाका की. तुमचे मिस्टर कुठं असतात?"

"मुलांना सांगितलंय मी," बाई म्हणाल्या.

"आन् कळंब्याला कशापायी जातासा?" हौसाक्का.

बाईंची बोटं पदराच्या टोकाची घडी घालत होती, उलगडत होती. एवढं सोपं उत्तर होतं आणि त्या ते देत नव्हत्या... मला राहवलं नाही. मी खिडकीतून ओरडले, "मी ऐकलोय की सर! तळ्याजवळच्या आजोबांच्या घरात रेडू हाय, तार लावलीया नारळाला! बाई बोलल्या त्यांच्याशी. त्ये म्हणाले, दोन महिन्यांनी सूर्य आला!"

मग हौसाक्का सगळ्यांकडे वळल्या आणि हात पसरून म्हणाल्या, "आता तर झालं? ल्हान पोरगीबी त्येच सांगतीया. दोन म्हैनं अंधारात!"

सभेत गलका उठला. दारापाशी उभे असलेले आण्णा माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच त्यांनी कशावरनं विचारलं नाही, पण बाईंच्या बाजूने दुसरा शब्दही काढला नाही. बाईंनी मात्र त्या गलक्यातून खिडकीकडे येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खरं बोललीस बाळ," त्या म्हणाल्या. त्यांचा हात गार होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा आमच्या वर्गावर दुसरे गुरुजी होते. त्यांनी कळशी उचलून पुन्हा पाण्याच्या जागी ठेवली, आणि खडूची रेघ धुऊन टाकली.

चैत्रात जोतिबाची यात्रा झाली. रस्त्याच्या कडांना गुलाल अजून चिकटलेला होता, सकाळची शाळा सुटायच्या बेतात होती, आणि आवारातल्या नळाशी मी पाणी पीत होते. मागून कुणीतरी विचारलं, "पोरी, चौगुले बाई हायत काय गं?"

मी वळले नाही. तोंड नळाला लावलेलं, पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडतंय, आणि माझ्या कानात ती खरखर, त्या शिट्ट्या. तो आवाज मी हजारात ओळखला असता. वळून पाहिलं तर एक आडव्या बांध्याचा माणूस, खांद्याला मोठी पिशवी, वाढलेली दाढी. चेहरा भाजून काळाठिक्कर पडलेला, आणि डोळ्यांभोवती मात्र दोन पांढरी वर्तुळं, जिथे चष्मा घट्ट बसत असावा.

बाईंची बदली झाली, मी सांगितलं. ते आत सरांकडे गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि पायरीवर बसले. आजऱ्याकडची शाळा दिली होती, पण तिथं हजर झाल्या की रजेवर गेल्या हे सरांना सांगता आलं नव्हतं. "आजरा!" ते स्वतःशीच हसले. "गोव्यास्नं रातच्या बसनं आलो मी. आजऱ्यावरनंच आली की बस. झोपलो हुतो." बोट गोव्याला लागली, ते थेट खोलीवर गेले, तर दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप, आणि मालकिणीने त्यांना बघून आपलं दार लावून घेतलं.

"तुमी रेडूवर बोलत न्हवता काय?" मी विचारलं.

"बोलायचो की. तळ्याकडचे आजोबा बोटीवर वायरलेस चालवायचे पूर्वी, त्येंचा रेडिओ हुता. पर त्येंच्या परवान्यावर दुसऱ्या कुणाला बोलू देणं नियमात बसत न्हाय. चोरून बोलू द्यायचे बिचारे. ती कुणाला सांगणार न्हाय म्हणून शब्द दिलता तिनं." ते थांबले. "श्रावणात बंदच झालं. गावात कायतरी बोलबाला झाला म्हणं, आजोबा भ्यालं. तवापास्नं तिचा आवाज न्हाय."

सभेत मी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या दोन पांढऱ्या वर्तुळांतून, आणि जरा लाजत विचारलं, "पोरास्नी सांगायची काय गं ती? तिकडचं? बरफाचं, सूर्याचं?"

"व्हय."

"मग... पटायचं काय पोरास्नी?"

त्या माणसाने सोळा-सतरा महिने बर्फात इंजिनं चालू ठेवली होती, आणि त्याला एवढंच हवं होतं. मला सभा आठवली, पसरलेले हात आठवले, चिक्की आठवली. माझ्या आयुष्यात आण्णांची काच जर कधी खोल बुडाली असेल तर ती त्या क्षणी.

"व्हय," मी म्हणाले. "समद्यास्नी. पयल्या दिवसापास्नं."

ते खूश झाले. माझ्या डोक्यावर टपली मारून उठले, पिशवी खांद्याला अडकवली आणि स्टँडच्या वाटेने निघाले. संध्याकाळी आमच्या दारात हौसाक्का म्हणत होत्या, "सुटला की गं! बघिटलास न्हवं डोळ्यांचं? आत वेल्डिंगला लावला असंल. कारखाना हाय की आत." पुरावा घेऊन माणूस स्वतः चालत आला होता आणि त्याचाही उपयोग झाला नव्हता.

आता आण्णा नाहीत. त्यांची काच माझ्या कपाटात, मुलाच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलेली आहे. हौसाक्का नव्वदीला टेकल्या आहेत, ऐकू कमी येतं, पण अजून त्या पैजेवर सांगतात — कळंब्यातच हुता त्यो. आणि मी त्याच शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात मोठा पडदा आला आहे. मागच्या महिन्यात त्यावर मी अंटार्क्टिका दाखवलं, पांढरं, कडेपर्यंत पांढरं, आणि उभ्याने चालणारे ते पक्षी. पोरं जांभया देत बघत होती. पहिल्या बाकावरची अनुष्का म्हणाली, "बाई, ह्ये एआयनं केलंय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या वेळी हौसाक्का एकच होती, मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षातून बर्फाची लादी आणली. भुसा आता कुणी घालत नाही, प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून दिली. टेबलावर ठेवली, पोतं सोडलं, आणि धूर निघाला. पोरं एकदम उठून पुढे आली. एकेकाने तळहात ठेवला. मग मी त्यांना चौगुले बाईंची गोष्ट सांगितली: कळशी, तार, खरखर, सूर्य आला, पायरीवर बसलेला माणूस, सगळं. शेवटचं माझं 'व्हय' सुद्धा. टेबलावरून पाणी फरशीवर टपटपत होतं.

अनुष्काचा हात अजून बर्फावरच होता. मी काढ म्हणायचं विसरले होते. सूर्याबद्दल, पक्ष्यांबद्दल, एआयबद्दल तिने काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "बाई, त्यास्नी घावल्या काय वो त्यांच्या बाई?"

"घावल्या की," मी पटकन म्हणाले.

तिने माझ्याकडे वर पाहिलं. लाल झालेला हात फ्रॉकला पुसला. आणि अगदी शांतपणे विचारलं,

"कशावरनं?"